स्वभाव की पाळी? दोन निदानांचा जरा लांबलचक इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा. मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवते. त्यामुळे हा औषधाचा सल्ला नाही. पण एका घरगुती प्रसंगामुळे मला या विषयाच्या मागे लागावं लागलं आणि जे सापडलं ते आपल्या सगळ्यांच्या घराशी संबंधित आहे असं वाटलं, म्हणून लिहिते.

माझ्या मामीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींचे खाडे, आणि महिन्यातल्या एखाद्या तारखेच्या कोपऱ्यात लाल बॉलपेनचा एक ठिपका. तो ठिपका कसला ते घरातल्या सगळ्या बायकांना कळतं. पुरुषांना कळत नाही, किंवा कळलं तरी ते तसं दाखवत नाहीत. सत्यनारायण कधी घालायचा, तुळजापूरला कधी जायचं, हे त्या ठिपक्यांवर ठरतं. मला हा शिवाशिवीचा प्रकार कॉलेजात असल्यापासून पटलेला नाही आणि त्यावरून मामीशी माझे वादही झालेत. पण त्या ठिपक्यांनी जे काम केलं ते चार वर्षांत एकाही फाइलने केलं नव्हतं.

माझी मामेबहीण (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं काही लिहिणार नाही) एकतीस वर्षांची आहे, नोकरी करते. गेली चार वर्षं तिच्या फाइलवर 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असं लिहिलेलं होतं. मराठीत सीमारेषेवरचा व्यक्तिमत्त्व विकार. भांडण, रडणं, 'मी उद्या राजीनामा देते', एक ठरलेलं लग्न मोडलेलं, आणि एकदा तर जिवावरच बेतलेलं. नातेवाइकांत या सगळ्यावर एकच वाक्य होतं, आपल्याकडचं जुनंच: स्वभावाला औषध नाही. गंमत बघा, फाइलवरच्या इंग्रजी निदानाचा घरात नेमका हाच अर्थ घेतला गेला. डॉक्टरांनीसुद्धा लिहून दिलं, म्हणजे हिचा स्वभावच असा.

मग डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पाळीच्या तारखा कुठे लिहून ठेवता का?" बहीण म्हणाली नाही. मामी म्हणाली, "मी ठेवते." जुनी कालनिर्णयं ती फडताळात अंथरायला जपून ठेवते, ती काढली. राजीनाम्याचे ईमेल, होणाऱ्या नवऱ्याला पाठवलेले मेसेज, दवाखान्याच्या पावत्या, यांच्या तारखा एका बाजूला आणि लाल ठिपके दुसऱ्या बाजूला. पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

तर इतिहास.

१९३१ साल, न्यूयॉर्क. रॉबर्ट फ्रँक नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने एक छोटा लेख छापला. पंधरा बायकांची माहिती. पाळीच्या आधी आठ-दहा दिवस यांना असह्य ताण येतो, वाट्टेल ते करून बसतात, आणि पाळी सुरू झाली की सगळं ओसरतं, मग त्यांचा त्यांनाच पश्चात्ताप होतो. फ्रँकसाहेबांनी याला 'पाळीपूर्व ताण' असं नाव दिलं. हा लेख बाळंतपणाच्या नियतकालिकात आला नाही, मेंदू आणि मनाच्या विकारांच्या नियतकालिकात आला. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा आजार कुणाच्या खात्यात टाकायचा हा घोळ आहेच.

काळही लक्षात घ्या. इस्ट्रोजेन गटातलं पहिलं संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं काढून जेमतेम दोन वर्षं झाली होती, १९२९ मध्ये. हार्मोन हा शब्द तेव्हा आजच्या 'एआय'सारखा होता, सगळ्याचं उत्तर त्यात. फ्रँक म्हणाले, या बायकांच्या शरीरात स्त्री-संप्रेरक जास्त साठतं. आणि उपाय? सौम्य असेल तर कॅल्शियम, लघवी वाढवणारी औषधं वगैरे. तीव्र असेल तर बीजांडकोशांवर क्ष-किरण सोडून त्यांचं काम मंदावायचं. वाचताना अंगावर काटा येतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कॅरन हॉर्नी या मनोविश्लेषक बाईंनीही पाळीपूर्व मनःस्थितीवर लिहिलं, त्यांनी त्याची मुळं मनात शोधली. एकच गोष्ट, एकच वर्ष; एकाने बीजांडकोशाकडे बोट दाखवलं, दुसरीने मनाकडे. गेली नव्वद वर्षं हाच वाद वेगवेगळे कपडे घालून येतोय.

आता दुसरी गोष्ट. तीही न्यूयॉर्कमध्येच सुरू होते, फक्त सात वर्षांनी. १९३८ मध्ये अॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने लिहिलं की काही रुग्ण कुठल्याच कप्प्यात बसत नाहीत. तेव्हा कप्पे दोन होते. एक 'न्यूरोसिस', म्हणजे वास्तवाचं भान शाबूत पण मन दुखरं. दुसरा 'सायकोसिस', म्हणजे भानच सुटलेलं. हे रुग्ण मधल्या हद्दीवरचे, म्हणून 'बॉर्डर लाइन'. स्टर्नने त्यांची जी लक्षणं सांगितली त्यात एक होतं 'मनाचा रक्तस्राव': जरा ओरखडा आला की मन वाहायला लागतं, थांबतच नाही. शब्द त्याने उपमा म्हणून वापरला होता. माझ्या वाचनात आलेल्या जुन्या लेखांत खऱ्या रक्तस्रावाची तारीख कुणी या रुग्णांना विचारल्याचं मला दिसलं नाही.

बॉर्डरलाइन या शब्दाचा घोळ इथे आहे. ही हद्द कसली, हे आज रुग्णाला सांगता येत नाही, कारण ते दोन कप्पेच आता तसे राहिलेले नाहीत. तालुक्याची सीमा बदलली तरी नाक्याचं नाव तेच राहावं, तसं हे नाव राहिलंय. आपल्याकडे बऱ्याच लोकांना वाटतं बॉर्डरलाइन म्हणजे 'थोडक्यात वाचलेला', जसं बॉर्डरलाइन शुगर म्हणतात. तसं मुळीच नाही. या विकारात माणूस आतून पोळत असतो.

पुढचा टप्पा १९५३. या वर्षी दोन्ही गोष्टी पुन्हा एकदम पुढे सरकल्या, एकमेकींना न भेटता. अमेरिकेत रॉबर्ट नाइट यांनी 'बॉर्डरलाइन अवस्थां'वर निबंध लिहिला आणि तो शब्द मनोविकारवाल्यांच्या तोंडी बसला. आणि इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन या डॉक्टरीणबाईंनी रेमंड ग्रीन यांच्यासोबत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हा शब्द रूढ करणारा लेख लिहिला. (हे रेमंड ग्रीन म्हणजे कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांचे भाऊ, आणि १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले डॉक्टर. विषयाशी संबंध नाही, पण मला असले तपशील सोडवत नाहीत.) डाल्टनबाईंना स्वतःला पाळीच्या आधी भयंकर अर्धशिशी व्हायची. गरोदरपणात ती गायब झाली. तिथून त्यांनी अंदाज बांधला की प्रोजेस्टेरॉन कमी पडतं. फ्रँक म्हणाले एक संप्रेरक जास्त, या म्हणाल्या दुसरं कमी. दोघेही चुकलेच, पण ते कळायला अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षं जायची होती.

डाल्टनबाईंबद्दल माझं मत संमिश्र आहे. 'तुला काही झालेलं नाही, घरी जा' असं ऐकणाऱ्या हजारो बायकांचं त्यांनी ऐकून घेतलं, याचं मोल मोठं आहे. पण त्या प्रचाराच्या भरात फार पुढे गेल्या. शाळेतल्या मुलींच्या शिक्षा, तुरुंगातल्या बायकांचे गुन्हे, सगळ्याचा संबंध त्यांनी पाळीच्या तारखांशी लावला. १९८० च्या सुमारास इंग्लंडच्या कोर्टांत दोन खटले गाजले. दोन्हींत बाईच्या हातून माणूस मेला होता. डाल्टनबाईंनी साक्ष दिली आणि पाळीपूर्व विकारामुळे आरोपीची जबाबदारी कमी धरली गेली. जगभर वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. एका बाजूला आजाराला मान्यता मिळाली, दुसऱ्या बाजूला 'बघा, बायकांना महिन्यातले काही दिवस जबाबदार धरताच येत नाही' असं म्हणणाऱ्यांनाही आयतं हत्यार मिळालं.

हे इंग्लंडपुरतंच नाही बरं का. आपल्याकडे राजस्थान उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणाचा निकाल दिला. घटना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. एका बाईवर मुलांना विहिरीत ढकलल्याचा आरोप होता, त्यात एक मूल दगावलं होतं. तिच्यावर पाळीपूर्व त्रासासाठी उपचार चालू होते अशी डॉक्टरांची साक्ष होती. उच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. तीन दशकांहून जास्त काळ ती केस चालली! निकाल बरोबर की चूक यावर मी बोलणार नाही. पण इतक्या गंभीर प्रकरणात सगळं ज्यावर उभं होतं ते डॉक्टरांच्या साक्षीवर. रोजच्या रोज ठेवलेली नोंद अशा वेळी किती मोलाची ठरेल, याचा विचार करा.

नोंदीवर एवढा भर का, तर आठवण दगा देते. १९७७ मध्ये डायन रुबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रिन्स्टन विद्यापीठात एक खट्याळ प्रयोग केला. विद्यार्थिनींना सांगितलं की आमच्या यंत्राने तुमची पाळी कधी येणार ते कळतं. मग काहींना सांगितलं, एक-दोन दिवसांत येणार. काहींना सांगितलं, अजून आठवडाभर तरी अवकाश आहे. प्रत्यक्षात सगळ्याच साधारण एकाच टप्प्यावर होत्या. ज्यांना 'येणार येणार' सांगितलं होतं त्यांनी जास्त त्रास होतोय असं लिहून दिलं. म्हणजे मुली खोटं बोलत होत्या असं नाही. पाळीच्या आधी त्रास होतो असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की आठवण त्या साच्यात ओतली जाते. 'तुम्हाला पाळीच्या आधी चिडचिड होते का?' असं विचारलं तर जवळजवळ प्रत्येक बाई हो म्हणेल. त्या हो वरून निदान करता येत नाही. आणि त्या हो कडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. इथेच सगळी पंचाईत आहे.

आता १९८०. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-ग्रंथाची, डीएसएमची, तिसरी आवृत्ती काढली आणि त्यात बॉर्डरलाइन हा अधिकृत विकार म्हणून आला. आजच्या यादीत नऊ निकष आहेत, त्यातले पाच बसले की निदान. सोडून जातील ही भीती, टोकाची नाती, मी कोण हेच न कळणं, आततायीपणा, स्वतःला इजा, झपाट्याने बदलणारी मनःस्थिती, पोकळी, संताप, ताणात येणारा संशय. नवातले कुठलेही पाच किंवा जास्त, असे गट किती होतात माहितेय? २५६. मी वहीत मांडून बघितलं. म्हणजे दोन रुग्णांवर एकच शिक्का असू शकतो आणि त्यांच्यात जेमतेम एकच लक्षण सारखं असू शकतं.

हे निकष बनवण्याच्या कामात रॉबर्ट स्पिट्झर हे मुख्य नाव. १९७९ च्या त्यांच्या मूळ लेखात आणखी एक नाव आहे, जीन एंडिकॉट. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

१९८७ ची सुधारित आवृत्ती आली तेव्हा खरा धुरळा उडाला. स्पिट्झर यांच्या समितीला पाळीपूर्व विकारही ग्रंथात घ्यायचा होता. स्त्रीवादी संघटना आणि कित्येक मानसशास्त्रज्ञ बायका खवळून उठल्या. पॉला कॅप्लन यांचं म्हणणं असं: बाईचा राग हा आजार ठरवलात, की तिला राग का आला हे विचारायची गरज उरत नाही. घरात मारझोड होत असेल तरी डॉक्टर कॅलेंडर बघणार. कॅप्लनबाईंनी पुढे उपरोधाने पुरुषांसाठीही एक विकार सुचवला, सतत वर्चस्व गाजवण्याचा. तो अर्थातच कुणी घेतला नाही! दुसऱ्या बाजूच्या बायका म्हणत होत्या, आम्हाला खरंच त्रास होतो, नाव नाही तर उपचार नाही. शेवटी तडजोड झाली. विकार ग्रंथात, पण मागच्या परिशिष्टात, 'अजून अभ्यास हवा' अशा पाटीखाली. १९९४ मध्ये नाव बदलून प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, थोडक्यात पीएमडीडी, झालं, जागा मात्र परिशिष्टातच. मुख्य ग्रंथात, नैराश्याच्या प्रकरणात, तो आला थेट २०१३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या यादीत तो स्त्रीरोगांत आहे आणि नैराश्यातही त्याची नोंद आहे. फ्रँकसाहेबांचा घोळ अजून चालूच.

कॅप्लनबाईंची शंका फुकट नव्हती, हे औषध कंपनीने सिद्ध केलं. प्रोझॅक या प्रसिद्ध गोळीचं पेटंट संपत आलं होतं. २००० साली तेच औषध, फ्लुओक्सेटीन, गुलाबी-जांभळ्या कॅप्सूलमध्ये भरून सॅराफेम या नावाने पीएमडीडीसाठी अमेरिकेत बाजारात आलं. टीव्हीवरच्या जाहिरातीत एक बाई दुकानाबाहेर ट्रॉलीशी झटापट करून वैतागते, एवढंच. तिथल्या औषध प्रशासनाने कंपनीला खडसावलं की यातून गंभीर आजार आणि साधी चिडचिड यातला फरकच पुसला जातो. पण एक मात्र खरं, औषध लागू पडतं. नैराश्यात या जातीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत कित्येकींना काही दिवसांतच फरक पडतो, आणि काही जणींना महिन्यातले शेवटचे दोन आठवडे घेऊनही चालते. कंपनीचा लोभ खरा आणि गोळीचा गुणही खरा. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे आपल्या चर्चांमध्ये कुणाला पटत नाही.

मग प्रश्न उरला कारणाचा. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. त्यांनी औषध देऊन बायकांचं मासिक चक्रच थांबवलं. पाळीपूर्व त्रास असलेल्या बऱ्याच जणींची लक्षणं थांबली. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं. लक्षणं परतली. हाच प्रयोग त्रास नसलेल्या बायकांवर केला, त्यांना तीच संप्रेरकं त्याच प्रमाणात दिली. काहीही झालं नाही. म्हणजे संप्रेरक जास्त नाही, कमीही नाही. रक्त तपासा, पातळी नॉर्मलच येणार. फरक आहे तो त्या चढउताराला मेंदू कसा प्रतिसाद देतो यात. 'रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग तुला झालंय काय' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांच्यासाठी हा प्रयोग महत्त्वाचा आहे.

याच मुद्द्यावर आपल्याकडचं एक बोलायला हवं. 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' हा सल्ला महाराष्ट्रात किती सहज दिला जातो ते २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या निमित्ताने विधिमंडळापर्यंत गाजलं. तिथली कारणं वेगळी, गरिबीची, खाड्याच्या दंडाची. पण पाळीपूर्व मनोविकाराला पिशवी काढणं हा उपाय नाही हे नीट समजून घ्या. चक्र चालवतात ते बीजांडकोश. नुसतं गर्भाशय काढलं तर रक्त दिसायचं थांबतं, आतलं चक्र चालूच राहतं, आणि आजार ओळखायची एकमेव बाहेरची खूण तेवढी नाहीशी होते.

दरम्यान बॉर्डरलाइनची गोष्टही बदलली होती. 'यांच्यात सुधारणा होत नाही' असं डॉक्टर मंडळीच म्हणायची. मार्शा लिनहान यांनी त्यांच्यासाठी डीबीटी नावाची उपचारपद्धत तयार केली, १९९१ मध्ये तिच्या चाचणीचे निष्कर्ष आले. २०११ मध्ये लिनहानबाईंनी जाहीर केलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः याच त्रासापायी मनोरुग्णालयात होत्या. बोस्टनजवळच्या मॅकलेन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी रुग्णांना वर्षानुवर्षं मागोवा घेत पाहिलं. दहा वर्षांत बहुसंख्य रुग्ण निदानाच्या निकषांतून बाहेर पडलेले होते. म्हणजे 'स्वभावाला औषध नाही' हे बॉर्डरलाइनच्या बाबतीतसुद्धा खोटं. गोळी नसेल, पण उपचार आहे. म्हणून मला कुणी 'बरं झालं बाई, बॉर्डरलाइन नाही निघालं' म्हटलं की ते आवडत नाही. तो आजार म्हणजे शिवी नव्हे.

मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? बाहेरून बघाल तर एकाच संध्याकाळचं दृश्य अगदी सारखं दिसेल. तोच आक्रोश, तेच 'तुम्हाला कुणालाच मी नकोय', तोच जीव नकोसा होणं. एका संध्याकाळवरून फरक कळणारच नाही. फरक महिन्यात आहे. पीएमडीडीत पाळीच्या आधीच्या आठवड्यात वादळ येतं, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरतं, आणि नंतरच्या आठवड्यात ती बाई तिची ती असते: हसते, कामं उरकते, मोडलेलं जोडत बसते. बॉर्डरलाइनमध्ये वादळाला तारीख नसते. त्याला निमित्त असतं, बहुतेकदा माणसांचं. फोन उचलला नाही, आवाज बदलला, कुणी दूर गेलं. काही तासांत उसळतं, काही तासांत निवतं, आणि मधल्या शांत दिवसांतही आतली पोकळी आणि सोडून जाण्याची भीती जात नाही.

हे ठरवायला वापरतात ती एक साधी रोजची तक्ता-वही आहे. दररोज रात्री प्रत्येक लक्षणाला एक ते सहा गुण द्यायचे, निदान दोन महिने. ही वही तयार करणाऱ्यांत प्रमुख कोण? जीन एंडिकॉट. बॉर्डरलाइनचे निकष बांधायला हातभार लावणारी हीच बाई पुढे पाळीपूर्व विकाराची मोजपट्टीही बनवते. दोन्ही फाइली एकाच टेबलावरून गेल्या होत्या, आणि तरी दवाखान्यात एक फाइल उघडली की दुसरी कुणाला आठवत नाही.

अजून एक गुंता आहे, तो सांगितला नाही तर मी तुम्हाला अर्धवट माहिती दिली असं होईल. दोन्ही असू शकतं. आणि तिसरंही: मुळात बॉर्डरलाइन, पण पाळीच्या दिवसांत ते आणखी उसळतं. टोरी आयझेनलोर-मोल या संशोधक बाईंनी बॉर्डरलाइन असलेल्या बायकांच्या रोजच्या नोंदी घेऊन हे दाखवलं. म्हणून 'पाळीच्या आधी वाढतं' एवढ्यावरून पीएमडीडी ठरत नाही. बघायचं ते पाळीनंतरच्या आठवड्याकडे. तो आठवडा स्वच्छ आहे का? नसेल, तर नुसती गोळी देऊन भागणार नाही. तिला दुसऱ्या उपचाराची गरज आहे आणि ती नाकारली जातेय. उलटी चूक तितकीच वाईट.

चुकीच्या शिक्क्याने आपल्याकडे आणखी एक होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलंय की नुसतं निदानाचं नाव पुरेसं नाही, विकाराची तीव्रता बघावी लागते. पण कोर्टापर्यंत जायच्या आधी बैठकीत, मध्यस्थ मामा-काकांसमोर, ती फाइल टेबलावर आपटली जाते. तिथे तीव्रता कोण बघतं? माझ्या बहिणीचं लग्न मोडलं ते फाइलवरच्या तीन इंग्रजी शब्दांवर.

तिचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. जुन्या ठिपक्यांवर नव्या डॉक्टरांनी निदान केलं नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या, हा फक्त इशारा आहे, आता रोज लिहा. पहिल्या महिन्यात काहीच कळेना, कारण नेमकी पाळीनंतरच्या आठवड्यात ऑफिसात कटकट झाली. पण दुसरा आणि तिसरा महिना कागदावर इतका स्पष्ट दिसत होता की माझ्यासारखीलाही कळला. पीएमडीडी. आता महिन्यातले चौदा दिवस एक गोळी असते. सगळे महिने चांगले जात नाहीत. गेल्या पावसाळ्यातला एक फार वाईट गेला. जुन्या फाइलवरचं निदान खोडलेलं नाही, खाली नवीन तारीख घालून नवीन लिहिलंय.

तुमच्या घरात कुणाला असा त्रास असेल तर आज रात्रीपासून लिहायला लागा: तारीख, झोप, राग, रडू, जीव नकोसा वाटला का, आणि पाळीचा पहिला दिवस. पाळी अनियमित असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, मग चक्र ओळखायला दुसऱ्या तपासण्या लागतात. पण जीव नकोसा वाटत असेल तर दोन महिने वाट बघू नका, १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

मामी अजूनही ठिपका लावतेच. हल्ली बहीणच तिला फोन करून सांगते, "लाव आज."